सामुराई शोडाउन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहेत. एक, ज्यांनी जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये हा खेळ दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिला आणि आता निवांतपणे खेळायचा म्हणतात. दुसरे, ज्यांनी नवा भाग घेतला, पंधरा-वीस लढती हरले आणि आपलं काय चुकतंय ते कळेना म्हणून बंद करून ठेवला. दोघांनाही हा खेळ आवडावा अशी मनापासून इच्छा आहे. थोडा समजून घेतला तर त्याच्याइतका थरार दुसऱ्या कुठल्याच फायटिंग गेममध्ये मला सापडलेला नाही.

हा खेळ नेमका कोणता?

जपानमधल्या ओसाकाच्या एसएनके कंपनीने जुलै 1993 मध्ये आर्केडसाठी, म्हणजे पार्लरमधल्या यंत्रांसाठी, काढलेला, दोन योद्ध्यांच्या शस्त्रयुद्धाचा खेळ. दिग्दर्शक यासुशी आदाची. तो चालायचा कंपनीच्या स्वतःच्या निओ जिओ या यंत्रावर. त्या वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली या मासिकाने त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरवलं आणि जपानमधल्या गेमेस्ट या आर्केडच्या मासिकानेही त्यालाच पहिला मान दिला. त्याआधी फायटिंग गेम म्हणजे मुख्यतः हाणामारी, ठोसे आणि लाथा. हातात धारदार शस्त्र असेल तर लढाई कशी बदलेल, याचा नीट विचार करून बांधलेला आणि जगभर गाजलेला पहिला खेळ हाच.

सामुराई स्पिरिट्स आणि सामुराई शोडाउन हे दोन वेगळे खेळ आहेत का?

नाही. जपानमध्ये पहिलं नाव, बाहेर दुसरं. खेळ तोच.

स्ट्रीट फायटर येत असेल तर हा लगेच जमेल ना?

बटणं दाबायला जमेल, जिंकायला जमणार नाही. त्याचं कारण थोडं सविस्तर सांगतो, कारण या खेळाचा सगळा जीव तिथेच आहे.

स्ट्रीट फायटर 2 आणि त्याच्या वळणाच्या खेळांमध्ये एक फटका बसला की त्याला दुसरा जोडायचा, दुसऱ्याला तिसरा. ही साखळी म्हणजे कॉम्बो. एकेका फटक्याने फारसं बिघडत नाही, साखळीने बिघडतं. इथे उलट आहे. साखळ्या जवळजवळ नाहीतच. पण तलवारीचा एक जोरकस वार नीट बसला तर समोरच्याची आयुष्याची पट्टी चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याने खाली येते. असे तीन-चार वार बसले की डाव संपला. म्हणजे अख्खा डाव तीन-चार निर्णयांवर ठरतो.

त्या जोरकस वाराची किंमतही तेवढीच मोठी ठेवली आहे. तो हुकला तर तलवार परत सावरेपर्यंत तुमचा योद्धा उघडा पडतो. समोरच्याने तो अडवला तर शस्त्र आदळून मागे उसळतं आणि तुम्ही पुन्हा क्षणभर उघडे. त्यामुळे दोन चांगले खेळाडू समोरासमोर आले की बराच वेळ कुणीच वार करत नाही. एक पाऊल पुढे, अर्धं पाऊल मागे, मधूनच एखादा हलका वार नुसता हवेत. पाहणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. खेळणाऱ्याच्या मात्र तळहाताला घाम आलेला असतो. मग एक जण चुकतो आणि दोन सेकंदांत निकाल लागतो.

पुढच्या भागांमध्ये चाली बदलल्या, पात्रं वाढली, चित्रं द्विमितीतून त्रिमितीत गेली, पण हे एक सूत्र टिकलं. ज्या भागात ते ढिलं पडलं तो भाग चाहत्यांच्या मनातूनही उतरला.

बटणं कशी आहेत?

निओ जिओला चारच बटणं होती: ए, बी, सी, डी. पहिल्या भागात ए म्हणजे हलका वार, बी म्हणजे मध्यम वार आणि दोन्ही एकत्र दाबली की जोरकस वार. सी आणि डी यांच्या लाथाही तशाच. कमी बटणांची अडचण होती, तिच्यातून सोय निघाली. सर्वांत घातक वारासाठी दोन बटणं मिळून दाबावी लागतात, त्यामुळे तो सहसा चुकून सुटत नाही, ठरवूनच सुटतो.

2019 च्या भागात हलका, मध्यम आणि जोरकस अशा तीन वारांना तीन बटणं आणि लाथेला एक.

खास चाली मोजक्या आणि ओळखीच्या आहेत. उदाहरणार्थ, खेळाचा नायक हाओमारूची वावटळ: जॉयस्टिक खालून पुढे पाव वर्तुळात फिरवून वार. वर उसळणारा चंद्रकोरीसारखा वार: पुढे, खाली, मग पुढे-खालचा कोपरा आणि वार. स्ट्रीट फायटरच्या ऱ्यूचे हात बसलेले असतील तर हे पहिल्या दिवशी जमतं.

खाली 'पॉव' अशी एक पट्टी भरत जाते. ती काय?

ती रागाची पट्टी. मार खाल्ला की ती भरते. पूर्ण भरली की योद्धा लालबुंद होतो आणि काही काळ त्याचे वार आणखी घातक होतात. यामुळे हरत आलेल्या माणसाकडून शेवटपर्यंत धोका राहतो. दुसऱ्या भागापासून या भरलेल्या पट्टीवर एक खास चाल मिळाली, जिने समोरच्याचं शस्त्रच मोडतं किंवा हातातून जातं. 2019 च्या भागात तर लढतीत एकदाच, स्वतःहून रागाचा स्फोट घडवता येतो, आणि त्या अवस्थेत विजेसारखा एकच झपाट्याचा वार मिळतो. तो हुकला की हुकला. पुन्हा संधी नाही.

माझी तलवार उडून लांब पडली. आता?

घाबरू नका, पण धावतही सुटू नका. दोन्ही शस्त्रं एकमेकांत अडकली की दोघांनी जीव खाऊन बटणं बडवायची असतात. जो कमी पडतो त्याचं शस्त्र उडतं. निःशस्त्र असताना बहुतेक खास चाली बंद होतात आणि ठोसे-लाथांवर भागवावं लागतं. पडलेल्या शस्त्रापाशी जाऊन ते उचलायचं असतं, आणि समोरचा नेमका त्याच जागेवर डोळा ठेवून उभा असतो. वाकलात की वार बसतो. आधी त्याला मागे रेटा, किंवा त्याचा एखादा वार हुकवा, आणि तेवढ्यात उचला.

आणखी एक देखणी सोय आहे: रिकाम्या हातांनी, दोन तळव्यांमध्ये समोरच्याचं पातं धरणं. वेळ अचूक साधली तरच जमतं. जमलं की आजूबाजूचे सगळे ओरडतात.

मध्येच पाठीमागून धावत जाणारा माणूस कोण? आणि तो काळ्या कपड्यांतला?

धावणारा म्हणजे त्या काळातला जासूद, पत्रं आणि सामान पोचवणारा. तो कधी खाऊ टाकतो (आयुष्य वाढतं), कधी नाणी (गुण वाढतात), कधी बॉम्ब. चुरशीच्या लढतीत दोघंही एकाच कोंबडीच्या तंगडीकडे धावतात आणि तिथेच कुणाचा तरी घात होतो.

काळ्या कपड्यांतला माणूस जास्त महत्त्वाचा. तो पंच, नाव कुरोको. जपानच्या पारंपरिक काबुकी रंगभूमीवर नखशिखांत काळं नेसलेले मदतनीस असतात. ते रंगमंचावर वस्तू आणतात, नेतात, नटाचा पेहराव बदलायला मदत करतात, आणि ते दिसतच नाहीत असं प्रेक्षकांनी धरायचं असतं. या खेळाने त्याच माणसाला दोन झेंडे देऊन मध्ये उभं केलं. ज्याचा वार बसेल त्याच्या रंगाचा झेंडा वर. दुसऱ्या भागात तर तो छुपा प्रतिस्पर्धी म्हणून तुमच्याशी लढायलाही येतो.

काबुकीचा संस्कार इतरत्रही आहे. लढत सुरू होतानाची ती लांबवलेली, घोगरी हाक ऐका. संगीतात शाकुहाची ही बासरी आणि शामिसेन हे तंतुवाद्य आहे. त्या काळातले बाकीचे खेळ रॉक संगीताने कान दणाणून सोडत होते, इथे शांततेला जागा ठेवली होती. वार करण्याआधीच्या त्या थांबण्याला हेच संगीत शोभतं.

कथा काय आहे?

काळ 1780 च्या दशकातला, जपानी कालगणनेत तेनमेई युग. आपल्याकडे तेव्हा पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती. जपानमध्ये 1783 मध्ये असामा ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला आणि त्या सुमारास भयानक दुष्काळ पडला, तो तेनमेईचा दुष्काळ म्हणून इतिहासात नोंदलेला आहे. खेळाने हा खरा दुष्काळ घेतला आणि त्यामागे एका सूडाने पेटलेल्या आत्म्याचा हात आहे अशी कल्पना केली. तो आत्मा म्हणजे आमाकुसा शिरो तोकिसादा. वेगवेगळ्या देशांतले बारा योद्धे आपापल्या कारणांनी त्याच्यापर्यंत पोचतात.

आमाकुसा खरोखर होऊन गेला का?

हो, आणि त्याची खरी हकीकत खेळातल्या कथेहून जास्त चटका लावणारी आहे.

1637 मध्ये क्युशू बेटावरच्या शिमाबारा आणि आमाकुसा भागातल्या शेतकऱ्यांनी बंड केलं. करांचा बोजा असह्य झाला होता आणि ख्रिस्ती झालेल्यांचा छळ चालू होता. बंडाचं नेतृत्व गेलं एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे. तोच आमाकुसा शिरो. बंडखोर हारा किल्ल्यात शिरले आणि महिनोन्‌महिने टिकून राहिले. शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, बाजूने एका डच जहाजाने किल्ल्यावर तोफाही डागल्या. 1638 च्या वसंतात किल्ला पडला, आतल्या जवळजवळ सगळ्यांची कत्तल झाली आणि त्या मुलाचं शिर कापलं गेलं. पुढच्याच वर्षी पोर्तुगिजांना जपानमधून हाकललं गेलं.

या गोष्टीचं एक टोक आपल्या गोव्यात आहे. जपानमध्ये ख्रिस्ती धर्म घेऊन गेलेला फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहूनच निघाला होता. त्याच्याबरोबर अंजिरो नावाचा एक जपानी होता, ज्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यात झाला होता. ते दोघं कागोशिमाला उतरले, म्हणजे क्युशूलाच. त्यानंतर नव्वदएक वर्षांनी त्याच बेटावर हे बंड झालं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चमध्ये झेवियरचं शव आहे. ते पाहून आलेल्या कुणाला हा खेळ खेळताना शेवटच्या लढतीत काही वेगळं जाणवलं, तर नवल नाही.

खेळाने त्या मुलाला खलनायक केलं, हे मला खटकतं. मरताना अन्याय झालेला माणूस सूड घ्यायला परत येतो ही कल्पना जपानी लोककथांमध्ये जुनी आहे, आणि त्यात त्याच्याबद्दलची कणवही असते. तरीही खेळून झाल्यावर खऱ्या शिरोबद्दल थोडं वाचावं, एवढं सांगावंसं वाटतं.

बाकीची पात्रंसुद्धा इतिहासातली आहेत का?

काही नावं खरी, काळाचा मेळ मात्र नाही. एक डोळा झाकलेला, दोन तलवारींचा याग्यू जुबेई खराच होता, पण तो 1650 मध्ये वारला. हात्तोरी हान्झो 1596 मध्ये. हान्झो हे नाव त्या घराण्यात पुढे चालत राहिलं, त्यामुळे त्याला थोडी सूट देता येते. गॅलफर्ड हा निंजा सॅन फ्रान्सिस्कोचा सांगितला आहे. 1788 च्या सुमाराला तिथे स्पेनची एक छावणी आणि मिशन एवढंच होतं. फ्रान्सची शार्लट मात्र बरोबर वेळेवर उभी आहे, तिच्या देशात 1789 ची क्रांती दाराशी आलेली.

नायक हाओमारूवर मियामोतो मुसाशी या नामांकित तलवारबाजाची छाप आहे: विस्कटलेले केस, भटकं आयुष्य, दारूचा कुंजा. त्याच्या उलट उक्यो ताचिबाना. क्षयाने पोखरलेला, खोकत खोकत लढणारा, म्यानातून तलवार उपसतानाच वार करणारा. त्याची हवेतली गाजलेली चाल सासाकी कोजिरोच्या आख्यायिकेतून घेतली आहे. 1612 मध्ये मुसाशीने ज्याला द्वंद्वात मारलं, तोच हा कोजिरो. लढत जिंकल्यावरही उक्योला खोकला येतो. एवढ्या एका हालचालीत लेखकांनी त्याचं सगळं आयुष्य सांगून टाकलंय.

नाकोरुरु एवढी लाडकी का?

दिसायला ती छोटी, शस्त्र आखूड, मदतीला मामाहाहा नावाचा ससाणा. त्या ससाण्याला लटकून ती हवेत जाते आणि वरून झडप घालते. खेळायला वेगवान, आणि तिच्या लढण्यामागचं कारण साधं: निसर्गाचं रक्षण.

पण मला ती महत्त्वाची वाटते दुसऱ्या कारणाने. ती आयनू आहे, म्हणजे उत्तरेकडच्या होक्काइदोच्या मूळ रहिवाशांपैकी. ज्या काळात हा खेळ घडतो, त्याच काळात, 1789 मध्ये, जपानी व्यापाऱ्यांच्या जुलमाविरुद्ध कुनाशिर आणि मेनाशी भागातल्या आयनूंनी उठाव केला होता आणि तो चिरडला गेला. आयनू हे मूळ रहिवासी आहेत हे जपानने कायद्यात लिहिलं ते थेट 2019 मध्ये. 1993 च्या एका लोकप्रिय खेळात आयनू मुलगी प्रमुख पात्र होती आणि जगभरच्या मुलांनी तिच्यामुळे हे नाव पहिल्यांदा ऐकलं, ही साधी गोष्ट नव्हे. तिचा पोशाख आणि चालींची नावं आयनू संस्कृतीवरून बेतली आहेत, अर्थात खेळाला सोयीची करून.

नवख्याने कुणाला निवडावं?

हाओमारू. त्याचा जोरकस वार लांब पल्ल्याचा आणि भयंकर ताकदीचा आहे, चाली थोड्या आहेत आणि प्रत्येकीचं काम स्पष्ट आहे. वेग आवडत असेल तर गॅलफर्ड, त्याचा पॉपी कुत्राही लढतो. पहिल्या महिन्यात उक्योच्या वाटेला जाऊ नका, तो देखणा आहे पण चुका माफ करत नाही.

यात कॅमेरा जवळ-लांब होतो, ते कसं?

योद्धे लांब गेले की चित्र लहान होतं, जवळ आले की मोठं. ही युक्ती एसएनकेने 1992 च्या आर्ट ऑफ फायटिंगमध्ये आधी वापरली होती. तिथे ती शोभेची वाटायची. इथे तिला अर्थ आला, कारण इथे अंतर हाच खेळ आहे. पडदा मोठा होऊ लागला की समजायचं, आता आपण वाराच्या टप्प्यात आलो.

पहिल्या भागाची कॅसेट 118 मेगाबिटची होती, दुसऱ्याची 202. त्या काळात हे आकडे प्रचंड होते. निओ जिओचं घरगुती यंत्र अमेरिकेत साडेसहाशे डॉलरच्या घरात होतं आणि एकेक कॅसेट दोनशे डॉलरच्या आसपास. म्हणून बहुतेक लोकांनी हा खेळ पार्लरमध्येच पाहिला, किंवा इतर यंत्रांसाठी काढलेल्या छाटलेल्या आवृत्त्यांमध्ये. सेगाच्या जेनेसिस या घरगुती यंत्रावर अर्थक्वेक हे धिप्पाड पात्र आणि कॅमेऱ्याची ती युक्ती दोन्ही वगळावी लागली होती.

माझ्या आठवणीत रक्त लाल आहे, मित्र म्हणतो पांढरं होतं. खरं काय?

दोघांचंही खरं. जपानी आवृत्तीत रक्त लाल होतं आणि शेवटचा वार फार जोराचा असेल तर माणूस दोन तुकडे होऊन पडायचा. अमेरिकेतल्या घरगुती यंत्रावर रक्त पांढरं केलं गेलं आणि ते तुकडे होणंही काढलं. डिसेंबर 1993 मध्ये तिथल्या काँग्रेससमोर व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावण्या झाल्या, वातावरण तापलेलं होतं, आणि पुढच्या वर्षी वयानुसार वर्गवारी सुरू झाली. पुढे 2004 मध्ये जपानमध्येही असाच प्रसंग आला: एका शाळेतल्या दुर्दैवी घटनेनंतर पाचव्या भागाच्या स्पेशल आवृत्तीतले काही अतिहिंसक शेवट घरगुती कॅसेटमधून कापले गेले.

लहान मुलांच्या हातात देण्याआधी हे लक्षात घ्या. रक्त आहे, आणि ते सजावटीसाठी नाही. एका वाराने जीव जातो हेच तर खेळ सांगतोय. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मी तरी देणार नाही.

भाग किती आहेत? कुठून सुरुवात करू?

पहिला 1993 चा. खडबडीत आहे, पण त्याची हवा आजही ताजी वाटते.

दुसरा 1994 चा, आणि माझ्या मते सगळ्यांत उत्तम. हाओमारूचा हाडवैरी गेन्जुरो यात आला, शस्त्र मोडणारी चाल आली, जमिनीवर सपाट पडून वार चुकवता येऊ लागला. अॅनिमेशनमधला प्रत्येक वार वजनदार वाटतो. एकच जुना भाग खेळायचा असेल तर हा.

तिसरा 1995 चा. प्रत्येक पात्राची दोन रूपं, सज्जन आणि दुर्जन, ही कल्पना उत्तम. शिझुमारू हा छत्री घेतलेला मुलगा नायक. नुकसानीचं प्रमाण मात्र बिघडलं, एक-दोन वारांत डाव संपतो.

चौथा 1996 चा, आमाकुसा परत येतो. देखणा, पण यात साखळ्या शिरल्या. ज्यांना इतर फायटिंग गेमची सवय आहे त्यांना हाच आवडतो. मला त्यात ते थांबणं सापडत नाही.

मग त्रिमितीतले प्रयोग झाले, ते सोडून दिलेत तरी चालेल. 2001 मध्ये जुनी एसएनके दिवाळखोरीत गेली. 2003 मध्ये पाचवा भाग युकी एंटरप्राइझने बनवला आणि 2004 मध्ये त्याचीच स्पेशल आवृत्ती आली. निओ जिओसाठी निघालेला हा शेवटचा अधिकृत खेळ, चौदा वर्षं चाललेल्या यंत्राचा निरोप. त्यातली तलवारीची पट्टी मला फार आवडते. सतत वार करत राहिलात की ती रिकामी होते आणि वारातली ताकद जाते. हात आवरला की ती परत भरते. मालिकेचं जुनं सूत्र त्यांनी सरळ पडद्यावर पट्टी करून मांडलं.

सहावा 2005 चा, जवळजवळ सगळी पात्रं एकत्र. त्यानंतर 2008 चा सेन, जो लवकरच विस्मरणात गेला.

शेवटी जून 2019. अनरियल इंजिन या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरवर, शाईच्या फटकाऱ्यांसारख्या चित्रशैलीत नवा भाग आला आणि त्याच वर्षी लास वेगासच्या ईव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत मुख्य खेळांमध्ये दाखल झाला. दार्ली डॅगर, याशामारू आणि वू-रुइशियांग ही तीन नवी पात्रं. हा दुसऱ्या भागाच्या वळणाचा आहे. साखळ्या कमी, वार मोठे. आजच्या नवख्याने इथूनच सुरुवात करावी. शिकवणी चांगली आहे, आणि तुमच्या खेळण्याची सवय उचलून तुमच्यासारखा लढणारा संगणकी प्रतिस्पर्धी तयार करायचीही सोय आहे.

आज कायदेशीर मार्गाने कुठे मिळेल?

2019 चा भाग पीसीवर स्टीमवर, तसंच प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विचवर निघालेला आहे. जुन्या भागांसाठी 2020 मध्ये आलेला निओ जिओ कलेक्शन घ्या. त्यात निओ जिओवरचे सहा खेळ आणि आधी कधीच प्रसिद्ध न झालेला पाचव्या भागाचा 'परफेक्ट' अवतार आहे. एकेक भाग सुटा हवा असेल तर हॅम्स्टर कंपनीची एसीए निओ जिओ मालिका पाहा, त्यातला चौथा भाग मोबाइलवरही आला होता. टचस्क्रीनवर मात्र तलवार चालवू नका, बोटांना अंतर कळत नाही.

आपल्याकडे हा पार्लरमध्ये का फारसा दिसला नाही?

निओ जिओची यंत्रं आपल्याकडे होती. किंग ऑफ फायटर्स आणि मेटल स्लग ज्यांनी कॉइन टाकून खेळले, ते त्याच यंत्रावर खेळले. या यंत्राची खुबी अशी की मालकाने कॅसेट बदलली की खेळ बदलतो. मग मालक तीच कॅसेट ठेवणार जिच्यावर गर्दी होते. किंग ऑफ फायटर्समध्ये तीन-तीन जणांचे संघ, लढती लांबायच्या, बघ्यांनाही मजा. इथे नवखा मुलगा चार वारांत आडवा व्हायचा आणि त्याचा कॉइन गेला. ज्यांना पुढे हा खेळ भेटला त्यांतल्या अनेकांना तो सायबर कॅफेच्या संगणकावर भेटला, कीबोर्डवर खेळत, एकाच कीबोर्डवर दोघांचे चार हात. तिथेही दोन वार हुकवून तिसरा बसवला की मागची मुलं खुर्चीला टेकलेली सरळ व्हायची.

मी सतत हरतो. काय करू?

एक आठवडा जोरकस वार अजिबात करू नका. फक्त चालणं, अडवणं आणि मध्यम वार. याने तुम्हाला स्वतःच्या शस्त्राचा पल्ला कळेल. सराव मोडमध्ये बाहुल्यासमोर उभे राहा, एकेक पाऊल मागे सरका आणि वाराचं टोक नेमकं कुठवर लागतं ते डोळ्यांत भरून घ्या. हे अंतर पाठ झाल्याशिवाय पुढचं काहीच उपयोगाचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात समोरच्याचं अंतर शिका. त्याच्या पल्ल्याच्या किंचित बाहेर उभे राहा. आत यायचं, तो हात उचलतोय असं दिसलं की बाहेर. त्याचा जोरकस वार हवेत गेला, की तो सावरेपर्यंत तुमचा जोरकस वार. या एका गोष्टीवर तुम्ही निम्म्या लढती जिंकायला लागाल.

उड्या मारू नका. इतर खेळांत उडी मारून आत शिरायची सवय असते. इथे उडी लांब आणि संथ आहे, खाली उभा असलेला माणूस शांतपणे वाट पाहतो आणि हवेतच कापतो. तुम्हीही समोरच्या उड्या मारणाऱ्याचं हेच करा. सुरुवातीला हाओमारूचा वर उसळणारा वार पुरे.

अडवून बसणाऱ्याला फोडायचं कसं, हे विचारलं जातं. 2019 च्या भागात जवळ जाऊन त्याला ढकला, तो डगमगतो आणि मोकळा सापडतो. पण लक्षात ठेवा, ढकलायला जवळ जावं लागतं आणि समजदार माणूस त्याचीच वाट पाहत असतो. दोनदा नुसतं जवळ जाऊन मागे या. तिसऱ्यांदा ढकला.

रागाचा स्फोट शेवटच्या डावासाठी राखून ठेवावा असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. पहिलाच डाव हातचा जातोय आणि समोरचा निर्धास्त झालाय असं दिसलं तर तिथेच वापरा. तो वार तुमच्याकडे आहे हे त्याला ठाऊक असतं, कधी येणार हे ठाऊक नसतं. सगळेच शेवटच्या डावाची वाट पाहत असतील तर तुमचा पहिल्या डावातला वार बसायची शक्यता मोठी.

आणि हरलेली लढत रिप्लेमध्ये पाहा. तुम्ही कुठे मार खाल्लात ते पाहू नका. त्याआधी तुम्ही कोणतं बटण उगाच दाबलंत ते पाहा. बहुतेक वेळा मार त्याच बटणाचा असतो.

हा आवडला, याच जातीचे आणखी कुठले?

एसएनकेचाच 1997 चा लास्ट ब्लेड, तो एकोणिसाव्या शतकातल्या जपानमध्ये घडतो आणि थोडा मवाळ आहे. त्याच वर्षी प्लेस्टेशनवर आलेला बुशिदो ब्लेड, ज्यात आयुष्याची पट्टीच नाही आणि एका वारात माणूस मरू शकतो. सोलकॅलिबरचा सहावा भाग घेतलात तर त्यात हाओमारू पाहुणा म्हणून भेटेल. पण आधी दुसरा भाग नीट खेळा, एखाद्या मित्राला शेजारी बसवून, दोन जॉयस्टिक लावून. संगणकाशी लढताना अंतर कळतं, माणसाची घाई कळत नाही.